‘कुणाची गं तू’ न विचारणारी

"कैदखान्यात होती ती. बायकांच्या. टच्च. डॉक्टर म्हणून होते म्हणते, थू, पण मला विचारशील तर… टच्च… डॉक्टरला कोण इतकी वर्षं आत ठेवतं?"

आमच्या वसतिगृहाच्या दाराशी तोक्तोबुबू आपा सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या असतात. नव्या मुलीला खोलीची चावी देताना ही माहिती त्या फुकट देतात. आवाज खाली आणतात, भुवया वर नेतात आणि ‘कैदखाना’ हा शब्द तोंडात खडीसाखर असल्यासारखा घोळवतात. पुरावेही पक्के असतात. आमच्या डॉक्टर बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई, कुणालाच नाव विचारत नाहीत. मग ओळख कशी ठेवतात? बटणानं! बटणं कुठली? कैद्यांच्या कोटांची. त्यातही जे आतच मेले, त्यांची. थू.

खरं सांगायचं तर बुरुलचा एजेंनी तुरुंग बाहेरूनही पाहिलेला नाही. आमच्या मोठ्या सरोवराच्या दक्षिण काठावरच्या एका प्रसूतिगृहात त्यांनी पुष्कळ वर्षं बाळंतपणं केली आणि मग काराकोल शहरात आमच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या डॉक्टर म्हणून आल्या. बटणं त्यांच्या आईची. आई गावात कपडे शिवायची. ती गेल्यावर शिलाई मशीन भावाकडे गेलं आणि बटणांचा डबा एजेंकडे आला. एकसारखी दोन बटणं काढायची, एक तुमच्या हातात द्यायचं, दुसरं तपासणीच्या नळीला चिकटवायचं. चार दिवसांनी बटण दाखवा, आपला निकाल घ्या. नाव नाही, वर्ग नाही, गाव नाही.

म्हणजे तुरुंग खोटा, पण नाव न विचारणं खरं. आणि आमच्याकडे ते तुरुंगापेक्षा वाईट समजतात.

कारण आमच्याकडे माणूस दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "कुणाची गं तू? कुठली?" बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारते. दात काढणारा विचारतो, तेही चिमटा तुमच्या तोंडात असताना. मग बापाचं नाव सांगायचं, आज्याचं सांगायचं, सात पिढ्या मागे गेलं की कुठेतरी नातं निघतंच. नातं निघालं की चहा आला, पाव आला, "अगं, मग तू माझी पुतणीच की" आलं. मोठ्या माणसानं हे विचारलं नाही, तर तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं.

एजेंचं दार तर वेगळीच चीज. त्यांनी खोली मागून घेतली ती छातीचा फोटो काढतात त्या बोळात. वसतिगृहात राहायचं तर दरवर्षी छातीचा फोटो काढावा लागतो, त्यामुळे त्या बोळात कुणीही, कधीही, कितीही वेळ उभं राहू शकतं. दारावर पाटी नाही. त्यावरून आमच्यात एक बोली तयार झाली आहे. एखादी मुलगी आरशासमोर उगाच गप्प उभी असली की दुसरी विचारते, "काय गं, छातीचा फोटो काढायचाय का?" ती "हूं" म्हणाली की पुढे कुणी बोलत नाही.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते वाचनालयात. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना बसवलं होतं. मुलांना वळण लावायचं खातं सांभाळणारे साहेब प्रस्तावनेला उभे राहिले. "तर, ख्खं, विद्यार्थ्यांनो, डॉक्टरबाई आज तुमच्याशी त्या, ख्खं, त्या विषयावर, म्हणजे जो विषय, ख्खं, लग्नानंतर…" एवढं बोलून ते खिडकीबाहेरच्या सफरचंदाच्या झाडाकडे बघू लागले, ते शेवटपर्यंत बघतच राहिले. एजे उठल्या. बुटक्या, रुंद, डोक्याला फुलांचा रुमाल, पायात पुरुषी बूट. पिशवीतून त्यांनी पाळण्यातली लाकडी नळी काढली. आमच्याकडे तान्ह्या मुलाला पाळण्यात बांधून ठेवतात आणि गादी ओली होऊ नये म्हणून खाली ही नळी लावतात. सगळी पोरं ती लावूनच मोठी झालेली. नळी बघताच मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली.

"ओळखलीत ना?" एजे म्हणाल्या. "पाळण्यात होतात तेव्हा आईनं काळजी घेतली. आता पाळण्यातून उतरलात, स्वतःची स्वतः घ्यायची." आणि निरोधाचं पाकीट दातांनी न फाडता बोटांनी कसं उघडायचं, टोकाशी हवा कशी राहू द्यायची नाही, हे त्यांनी त्या नळीवर दाखवलं. मागून एक पोरगा ओरडला, "एजे, नळी माझ्यापेक्षा लहान आहे!" एजे वळल्यासुद्धा नाहीत. "सगळे असंच म्हणतात, शिंगरा. म्हणून एकाच मापाची मागवते."

हे ‘शिंगरा’ महत्त्वाचं. नाव माहीत नसल्यामुळे त्यांच्या लेखी आम्ही सगळे शिंगरूच. मुलगा असो, मुलगी असो, चौथ्या वर्षाचा मिशीवाला पैलवान असो. "ये शिंगरा, बस." "घाबरू नकोस शिंगरा, लघवीला जळजळ अर्ध्या वसतिगृहाला होते. तू निदान सांगायला तरी आलीस."

मी त्यांच्याकडे गेले ती पाळीच्या दुखण्यासाठी. जाताना बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव मनात घोकून गेले, कुणी विचारलं तर मध्ये अडखळायला नको म्हणून. एजेंनी सगळं विचारलं. कधी येते, किती जाते, कमरेत दुखतं की मांड्यांत. जे मी आईलाही सांगितलं नव्हतं ते विचारलं आणि मी सांगितलं. पण पणज्यापर्यंत गाडी गेलीच नाही. मला चक्क राग आला. बाहेर येताना मी म्हटलं, "एजे, मी कुणाची ते विचारलं नाहीत?"

"पोट तुझंच दुखतंय ना? मग झालं."

तेव्हापासून मला छंद लागला. गोळ्यांच्या निमित्तानं जायचं आणि दारातूनच परक्या मुलखाच्या बोलीचा सूर लावायचा. कधी तलासकडचा, कधी दक्षिणेकडचा, प्रत्येक वाक्याला साखर लावलेला, कधी नारिनच्या डोंगराळ बायकांचा. म्हटलं, एवढं परकं काही ऐकलं की म्हातारीच्या तोंडून निसटेलच, "अगं, कुठली तू?" एजे पोट धरून हसायच्या. "नारिनचा जरा घशातून काढ," म्हणायच्या. "आणि दक्षिणेची बाई एवढ्यात तीनदा तरी ‘जीव ओवाळते’ म्हणाली असती." पण निसटलं काही नाही.

"कधी ना कधी विचारालच तुम्ही," मी एकदा म्हटलं.

"नाही विचारणार."

"पैज लावा."

"लावली. एक वाडगा अश्ल्यानफू. मिरची जास्त." आंबट-तिखट थंड शेवयांचा रस्सा आहे तो. काराकोलमध्ये लग्नसुद्धा त्याच्याशिवाय पुरं होत नाही.

"पण का विचारत नाही? आमच्या तोक्तोबुबू आपा म्हणतात…"

"माहितीये मला, ती काय म्हणते ते." एजेंनी किटली खाली ठेवली. "म्हणू दे. कैदखाना बरा, त्यापेक्षा."

आणि मग त्यांनी सांगितलं. तेही नाव न घेता.

"नवी होते इथे. पहिलाच हिवाळा. दारात एक मुलगी उभी राहिली, खालचा ओठ दातात धरून. म्हणाली, ‘एजेऽ, मला जराऽ…’ आणि मी तो सूर ऐकला! आमच्या खोऱ्यातला गं. शेवटचा शब्द हट्टी मेंढीसारखा ओढून ओढून आणायचा. कित्येक महिन्यांत माझ्या बाजूचं माणूस भेटलं नव्हतं. मी काय विचारणार? ‘अगं, कुणाची तू?’ विचारलं. तिनं सांगितलं. मोठ्या बाईनं विचारल्यावर न सांगून करेल काय? आणि तिची आई निघाली माझ्या वर्गातली. माझ्याच बाकावरची! मी टाळ्या पिटल्या. चहा ओतला. जर्दाळू काढले. तिची आई गणिताच्या तासाला वहीत घोडे काढायची, ते सांगितलं. पोरगी हसत होती. म्हणजे मला वाटलं, हसतेय. शेवटी आठवण झाली. म्हटलं, ‘हं, कशाला आली होतीस?’ म्हणाली, ‘डोकं दुखतंयऽ.’"

एजेंनी बटणांच्या डब्याचं झाकण लावलं.

"डोकेदुखीची गोळी दिली मी. जर्दाळू बांधून दिले. दारापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, ‘आईला माझा सलाम सांग.’"

"मग?"

"मग काय? सलाम सांग म्हटलं मी तिला. म्हणजे तिनं घरी जाऊन काय सांगायचं? आई, मी त्या खोलीत गेले होते?"

"तुम्ही तिच्या आईला सांगितलं असतंत?"

"जीव गेला असता तरी नाही. पण ते तिला कसं कळणार? मी तर तिच्या आईचं नाव घेऊन खिदळत होते. तिचा हात सारखा पोटावर जात होता, शिंगरा. मी तो पाहिला होता. पाहिला होता हे मला नंतर आठवलं."

गर्भ पिशवीत नव्हता, नळीत अडकला होता. पंधरवड्यात गावाकडे जाताना घाटातच नळी फुटली. बर्फातून ओढत तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, फाडलं, वाचवलं. एक नळी काढून टाकावी लागली, दुसरी आधीच्या संसर्गानं केव्हाच बंद झालेली. आता हिला मूल होणार नाही, हे तिथल्या डॉक्टरनं तिच्या आईसमोर, आत्यासमोर आणि गाडीच्या ड्रायव्हरसमोर सांगितलं. ड्रायव्हरला कळलं म्हणजे खोऱ्याला कळलं. मुलाकडच्या बायका आल्या आणि मागणीच्या वेळी तिच्या कानात घातलेले डूल उतरवून घेऊन गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात मुलगी रशियाला निघून गेली.

"आता कुठे आहे?"

"काय माहीत. तिच्या आईसमोर उभं राहायचं तोंड नाही मला. लग्नाकार्यात ती दिसली की मी स्वयंपाकघराकडून निघून जाते." त्यांनी थंड झालेला चहा उगाच ढवळला. "बाकी काही नको. ती बरी आहे की नाही, एवढं कळलं असतं, तर…"

‘तर’च्या पुढे त्या गेल्या नाहीत. मी त्यानंतर त्यांच्या दारात सूर लावले नाहीत.

आता कानिशायबद्दल. हे तिचं खरं नाव नाही. ती माझ्या खोलीतली, उशाला पायथा लावून झोपणारी, त्यामुळे खरं नाव मला चांगलं ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. गावाचं तर नाहीच नाही. तिचा सूर मात्र लपत नाही. "चहाऽ झालाऽ का गंऽ" असं ती म्हणाली की मजल्यावरच्या सगळ्या मुली मेंढ्यांसारख्या बें करतात. दर रविवारी रशियातून तिच्या मावशीचा फोन येतो. मावशीचाही तोच सूर, दुप्पट मोठ्या आवाजात, आणि हसणं असं की फोन कानापासून लांब धरावा लागतो. मावशीनं तिकडे एका बायको मेलेल्या तातार माणसाशी लग्न केलंय. त्याचा मुलगा तिनंच वाढवला, तो तिला आई म्हणतो, आणि ती केक करून विकते. एका रविवारी त्या फोनमधून ऐकू आलं, "मीही शिकलेऽ ना तिथे. एकच हिवाळाऽ." आणि लगेच विषय बदलून तिनं इकडच्या लोण्याचा भाव विचारला.

माझ्या कानानं तिथल्या तिथे गणित मांडलं. कानिशायला मी काही बोलले नाही. बोलून सांगणार काय?

मार्चमध्ये कानिशाय वाकून चालायला लागली. "थंडी बाधलीयेऽ" म्हणायची, गरम पाण्याची बाटली पोटाशी धरून झोपायची. मित्र होता. चांगला होता, त्याची आई मेमध्ये डूल घालायला येणार होती. एका दुपारी ती अंथरुणात भिंतीकडे तोंड करून बोलली, "काहीतरी झालंयऽ मला. जातंही खूप. वासही येतो."

"ऊठ. छातीचा फोटो काढायला जाऊ."

"नाही. ती बाई विचारेल."

"ती विचारत नाही."

"सगळे विचारतात गंऽ. कुणाची म्हणून विचारतील, मग आज्जीची ओळख निघेल, मग सलाम धाडतील. आमच्या घरात एकदा झालंय हे." तिनं पांघरूण ओढून घेतलं. "एक प्रश्न विचारलाऽ ना, मी उठून येईन. मग तू मला पुन्हा म्हणायचं नाहीस."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

त्या दिवशी बोळात बरीच गर्दी होती. आम्ही छाती घेऊन उभ्या राहिलो. आमची पाळी आली. एजे किटलीशी होत्या, आमच्याकडे पाठ करून. "ये शिंगरा, बस."

कानिशाय बसली नाही. खालचा ओठ दातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "एजेऽ, मला जराऽ…"

किटलीची धार थांबली.

एजे वळल्या. आधी तिचा ओठ बघितला, मग कपाळ, मग मनगटं. बाजारात हरवलेलं जनावर कित्येक वर्षांनी दिसल्यावर माणूस ज्या नजरेनं बघतं, त्या नजरेनं. त्यांचं तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, झालं. पैज जिंकले मी, आणि ही पोरगी आता दारातून परत जाणार. कानिशायचा हात कडीकडे गेलेला मला दिसत होता.

"तू…" एजे म्हणाल्या.

मागे फोटोच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"तू सकाळपासून काही खाल्लंस का?"

कानिशायचा हात कडीवरून खाली आला. ती बसली. "नाहीऽ," म्हणाली आणि रडायलाच लागली. एजेंनी पावाचा तुकडा तोडून तिच्या हातात दिला, आणि मग विचारायचं ते सगळं विचारलं. कधीपासून, कुठे, ताप येतो का, मागची पाळी कधी, तो निरोध वापरतो का. तपासलं, नळीला बटण चिकटवलं, दिवस राहिलेत का तेही पाहिलं. राहिले नव्हते. संसर्ग मात्र तपासतानाच दिसला, ताजा होता, बरा होणारा होता.

"गोळ्या पूर्ण घ्यायच्या, बरं वाटलं तरी. त्यानंही घ्यायच्या, नाहीतर तो पुन्हा तुलाच देईल. तोवर एकमेकांपासून लांब. मी नाही घेणार म्हणाला, तर इकडे पाठवून दे. त्यालाही बटण देईन. कोटाचं, मोठं."

कानिशाय रडता रडता हसली. तिनं आपलं निळं बटण मुठीत घेतलं. जाताना दारात थांबली आणि आपणहून म्हणाली, "एजेऽ, तुम्ही काही विचारलं नाहीतऽ."

"पुष्कळ विचारलं की, शिंगरा."

ती रक्त द्यायला पुढच्या खोलीत गेली. मी मागे राहिले. एजे खिडकीशी उभ्या होत्या. उरलेला पाव त्या फडक्यात गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

"गेली?"

"गेली. एजे, तुम्हाला कळलं ना? ती…"

"गप."

"अहो, पण मला माहितीये. तिची मावशी…"

"गप बस म्हटलं ना." इतक्या कडक आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मग आवाज उतरला. "तो शब्द तिचा आहे. तिनं आपणहून दिला तर मी घेईन, दोन्ही हातांनी घेईन. तुझ्याकडून नाही. तुझ्याकडून घेतला, तर ही खोलीही तोक्तोबुबूच्या दारासारखी होईल."

"पण ती चांगली बातमी असली तर?"

एजेंनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत काय होतं त्याची नक्कल मला करता येत नाही. एक शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता आणि त्या त्याच्याकडे, भुकेलं माणूस भरल्या ताटाकडे बघतं तसं बघत होत्या.

"मग ती बातमी अजून थोडा वेळ चांगलीच राहील," त्या म्हणाल्या आणि किटली पुन्हा ठेवली.

कानिशायनं गोळ्या पुऱ्या केल्या. तो पोरगाही आला, लाल कानांनी, मोठं बटण घेऊन गेला. पुढच्या तपासणीला ती सरळ चालत गेली. मेमध्ये डूल आले की नाही ते तिचं तिनं सांगावं. चारदा गेली असेल ती त्या खोलीत, पण मावशीबद्दल काही बोलली नाही. का बोलावं? तिला काय माहीत, त्या बाईला हे ऐकायचंय. आणि दर वेळी ती निघून गेली की एजे दार थोडा वेळ उघडंच ठेवायच्या. वाऱ्यासाठी, म्हणायच्या.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतायत. डबा कुणाला देणार, ते ठरलेलं नाही.

मी पैज चुकती केली ती बाजारातल्या दुंगान, म्हणजे मूळच्या चिनी मुसलमान, बाईच्या गाड्यावर. दोन वाडगे घेतले, त्यांच्यात मिरची जास्त. दुंगान बाईनं शेवया घातल्या, आंबट पाणी ओतलं, वाडगा पुढे सरकवला आणि सवयीप्रमाणे मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून एजेंना विचारलं, "ही कुणाची गं?"

बुरुलचा एजेंनी घास गिळला.

"काय माहीत," म्हणाल्या. "माझ्याशी पैज हरलीये, एवढंच ठाऊक आहे."